काळ्या पाषाणातले विवर

केंदूरच्या माणसाला काळ्या पाषाणाचे अप्रूप नाही. आमच्या शिरूर तालुक्याच्या या अवर्षणग्रस्त भागात विहीर खणायची म्हणजे आधी माती, मग मुरूम आणि त्याखाली सुरुंगालाही सहजी दाद न देणारा कातळ. हा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळून थिजलेला लाव्हा. त्याच लाव्हाच्या पठारावर, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे विवर आहे. जालना-मंठा मार्गाने एस.टी.ने तेथे गेलो, तो मुख्यतः आपलाच दगड दुसरीकडे कसा दिसतो हे पाहण्यासाठी.

काठावर उभे राहिलो आणि बोलणेच थांबले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा वाटोळा खळगा, उतारावर झाडी आणि तळाशी हिरवट पाण्याचे तळे! कडेने चालू लागले की एका हाताला सपाट शेते आणि दुसऱ्या हाताला ही खोली. आमच्या विहिरीत कातळाचे थर आडवे दिसतात. येथे काठाशी तेच थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, जणू कोणी जमीन आतून बाहेर उलगडली आहे.

चहूकडे लाव्हा आणि मध्ये असा खड्डा. मग हे ज्वालामुखीचेच मुख, असे पुष्कळ जाणत्यांना वाटले तर नवल नाही. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर १८२३ मध्ये येथे येऊन गेला. त्यानंतर दीडशे वर्षे वाद चालला. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांचा लेख आला. येथील खडकात त्यांना अशी काच सापडली होती, की जी लाव्हाच्या उष्णतेने नव्हे, तर प्रचंड आघाताच्या दाबानेच तयार होते. घाव वरून पडला होता, उल्केचा! तो केव्हा पडला, याविषयी मात्र अजून एकमत नाही. एक पद्धत सुमारे ५२ हजार वर्षे सांगते, तर दुसरी सुमारे ५ लाख ७० हजार.

लोककथेने हा प्रश्न आपल्या परीने केव्हाच सोडवला आहे. जमिनीखाली दडलेल्या लोणासुराच्या घरावरचे झाकण विष्णूने पायाच्या अंगठ्याने उडवले, अशी ती कथा. गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर तिचीच आठवण देते. कथेतही घाव वरूनच पडतो, याची मला मोठी गंमत वाटली.

झाडीतून उतरत किनाऱ्याशी, कमळजादेवीच्या देवळापाशी आलो. एवढे पाणी, पण खारट, सोड्याचे. ओंजळभरही पिता येत नाही. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले. त्याच वर्षी हे तळे रामसर यादीत गेले. आणि वर काठाशी गोमुखाची धार मात्र गोड! यात्रेकरू तिच्याखाली अंघोळ करीत होते.

टँकरची वाट पाहणाऱ्या मुलुखातून आलेल्या माणसाला ही दोन पाणी शेजारी शेजारी पाहून काय वाटावे? आमच्याकडे पाणी आटले की आम्ही विहिरीचा तळ आणखी फोडतो. पण या पाषाणाच्या पोटात पाणी असते ते फक्त त्याच्या फटींत, सांध्यांत. आणि तेथेही ते वरूनच, पावसातूनच उतरलेले असते. खालीच पाहत राहण्याची सवय मोठमोठ्या विद्वानांनाही दीडशे वर्षे सुटली नाही. आमची सुटायला इतका अवधी लागू नये. पाऊस तर दरवर्षी येतो. तो अडवणारे हात तेवढे कमी पडतात.