देवाच्या तळ्यातले व्हीआयपी

गुवाहाटीला गेलात तर नुसती कामाख्या करून परतू नका, तासाभरावरचं हाजो गाठा. हयग्रीव माधव मंदिराखाली तळं आहे, माधव पुखुरी. शेजारच्या काकांनी बिस्किट टाकलं आणि मऊ पाठीचं काळंशार धूड वर आलं. मी उडालेच! ब्लॅक सॉफ्टशेल टर्टल. २००२ साली आययूसीएननं ही जात निसर्गातून नामशेष ठरवली होती. चितगावच्या दर्ग्याच्या तळ्यातच काय ती उरलीय, असा समज होता. नदीतली कासवं लोकांनी खाल्ली, देवाची मात्र राखली. पुढे आसामातल्या देवळांच्या तळ्यांत आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातही ती सापडली. २०२१मध्ये शेरा बदलून 'अतिसंकटग्रस्त' झाला. हे चक्क प्रमोशन! बिस्किटांचं डाएट मात्र मला खटकलं. याच तळ्याकाठच्या अंड्यांतली पिल्लं पोबितोरा अभयारण्यात सोडली गेलीत, तिथे निदान बिस्किटं नाहीत.