बोलणारी चित्रे

विद्यार्थी मित्रांनो, 'चित्रांचे दालन' असे म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? मुंबईत राहणाऱ्यांना जहांगीर आर्ट गॅलरी आठवेल. गुळगुळीत फरशी, पांढऱ्या भिंती, त्यांवर टांगलेली चित्रे आणि हळू आवाजात बोलणारी माणसे. मी आज तुम्हांला अशा दालनात नेणार नाही. मी तुम्हांला एका गोठ्यात नेणार आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथे ठाकर समाजाची वस्ती आहे. चित्रे दाखवून गोष्टी सांगणे आणि बाहुल्यांचे खेळ करणे ही या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची कला. सावंतवाडीच्या राजघराण्याने या कलेला आश्रय दिला होता. देवळांच्या उत्सवांत हे खेळ होत. पुढे संस्थाने गेली. घरोघरी रेडिओ आणि दूरदर्शन आले. रात्री जागून गोष्ट ऐकणारे लोक कमी झाले. कलेवर पोट भरेना, तेव्हा कितीतरी घरांतील मुले दुसऱ्या कामाला लागली.

याच गावचे परशुराम विश्राम गंगावणे यांनी मात्र ही कला सोडली नाही. 2006 मध्ये त्यांनी आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्यातच एक छोटे संग्रहालय उभे केले. त्याचे नाव 'ठाकर आदिवासी कला आंगण'. 2021 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला.

आमच्या शाळेची सहल मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला पाहून परतत होती, तेव्हा मी मुलींना येथे घेऊन गेले. बसमधून उतरताना काही मुली कुरकुरल्या. समुद्र सोडून गोठा कोण पाहणार? पण आत गेल्यावर त्या आपोआप गप्प झाल्या. आतमध्ये लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या दोऱ्यांना लटकत होत्या. त्यांचे डोळे इतके मोठे आणि टपोरे, की त्याच आपल्याकडे पाहत आहेत असे वाटावे! एका बाजूला चामड्याच्या चपट्या बाहुल्या होत्या. त्या पांढऱ्या पडद्यामागे धरतात आणि मागून दिवा लावतात. मग पडद्यावर त्यांच्या सावल्या नाचू लागतात.

आम्ही जमिनीवर बसलो. एक कलाकार चित्रांची थप्पी घेऊन समोर बसला. त्या थप्पीला 'पोथी' म्हणतात आणि या कलेला 'चित्रकथी' म्हणतात. कागदावर काढलेली दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक पान उलटले की गोष्ट पुढे सरकते. साथीदाराने हुडुक नावाचे छोटे चर्मवाद्य वाजवायला सुरुवात केली, टाळ वाजले आणि कलाकार गाऊ लागला.

गोष्ट रामायणातील होती. रावण सीतेला पळवून नेत आहे आणि म्हातारा जटायू पक्षी त्याला अडवत आहे. चित्रात एका बाजूला रावण, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला जटायू, एवढेच. पण कलाकाराचा आवाज चढला, हुडुक जोराने वाजू लागला आणि आम्हांला लढाई दिसू लागली. मग आवाज एकदम खाली आला. जटायू जखमी होऊन पडला होता. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने माझा हात घट्ट धरला. तिला सगळे मराठी शब्द कळले नव्हते, पण पक्षी पडला हे तिला कळले होते.

खेळ संपल्यावर तिनेच मला विचारले, "टीचर, चित्र तर हलत नव्हते. मग पक्षी लढतो आहे असे का वाटले?"

मित्रांनो, हा प्रश्न तुम्हीही मनात ठेवा. त्याचे उत्तर शोधताना मला आपल्या ओळखीची एक गोष्ट आठवली. अमीर हमजाची दास्तान तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. बादशहा अकबराला ती फार आवडत असे. त्याने आपल्या चित्रकारांकडून या दास्तानीची सुमारे 1400 मोठी चित्रे कापडावर काढून घेतली. हे काम सुमारे 15 वर्षे चालले होते. बहुतेक चित्रांच्या मागच्या बाजूला गोष्टीचा मजकूर लिहिलेला आहे. म्हणून अभ्यासक असे मानतात, की चित्र दरबारासमोर धरले जाई आणि मागे उभा असलेला माणूस गोष्ट वाचून दाखवी. कुठे आग्ऱ्याचा दरबार आणि कुठे कोकणातील पिंगुळी! पण दोन्हीकडे रीत एकच. समोर चित्र आणि त्याच्याबरोबर माणसाचा आवाज.

आज त्या 1400 चित्रांपैकी दोनशेहूनही कमी उरली आहेत. त्यांतील 60 चित्रे ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात आहेत, काही लंडनमध्ये आहेत. ती काचेमागे नीट जपलेली आहेत. त्यांचे रंगही सुंदर आहेत. पण त्यांच्याबरोबरचा आवाज गेला. दास्तान सांगणारेही एकेक करून गेले. दिल्लीचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली 1928 साली वारले आणि ती परंपरा जवळजवळ थांबली. 2005 मध्ये उर्दूचे थोर अभ्यासक शम्सुर्रहमान फारुकी यांच्या प्रेरणेने दिल्लीत दास्तानगोई पुन्हा सुरू झाली. पण मधल्या काळात शिकवणारा उस्ताद राहिला नव्हता. जुने दास्तानगो कुठे थांबत, कुठे आवाज चढवत, हे पुस्तकांतून कसे कळणार? नव्या कलाकारांना ते स्वतःच शोधावे लागले.

पिंगुळीच्या गोठ्याचे मोल मला येथे समजले. तेथे नुसत्या वस्तू ठेवलेल्या नाहीत, त्या वापरल्या जातात. पोथीच्या पानांचे कोपरे बोटे लागून मऊ झाले होते. गंगावणे यांच्या मुलांनी वडिलांजवळ बसून ही कला शिकून घेतली आणि ती पुढे चालवली. काचेच्या कपाटात चित्र टिकते, पण ते कसे बोलते हे मात्र एका माणसाने दुसऱ्या माणसालाच द्यावे लागते.

मी त्या मुलीला एवढेच सांगितले, "अर्धे चित्र कागदावर होते, अर्धे त्यांच्या आवाजात होते. आणि तू लक्ष देऊन ऐकलेस, म्हणून ते पूर्ण झाले."

तुमच्याही घरी नानी किंवा दादा असतील. त्यांना एखादी कहाणी, एखादे लग्नातील गाणे, एखादे कोडे येत असेल. ते सांगायला त्यांना राजाचा दरबार नको, मोठे सभागृहही नको. गोठ्यातही काम भागते, हे तुम्ही आता पाहिलेच आहे. त्यांना हवा असतो फक्त समोर बसून ऐकणारा. आज संध्याकाळी दूरदर्शन संच थोडा वेळ बंद ठेवा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांनी सांगितलेले नीट ऐका आणि उद्या वर्गात आपल्या शब्दांत सांगा. उर्दूत ऐकलेत तर मराठीत सांगा, मराठीत ऐकलेत तर उर्दूत सांगा. गोष्ट अशीच एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात जिवंत राहते.