माल सरल्यावर

झाडीपट्टीच्या नाटकांची जाहिरात करणारा माणूस मी लहानपणापासून पाहत आले आहे. दिवाळी सरली की वडशाच्या नाटक कंपन्यांचे प्रयोग गावोगाव लागायचे, आणि तो दिवसभर ऑटोवर भोंगा बांधून फिरायचा. हातात माईक, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, असलेल्या गावात मंडईचं निमंत्रण आधी, नाटकाचं मागून. शंकरपट असेल तिथं बैलजोड्यांच्या गोष्टी. कुणाच्या दारात मयत दिसली की माईक बंद करून तेवढी गल्ली मुकाट ओलांडायची. आता बहुतेक ठिकाणी आवाज पेनड्राइव्हमधून येतो. रेकॉर्डिंग सुरेख असतं, मागे संगीत असतं, कुणाचा घसा बसत नाही. पण मयतीच्या दारासमोरूनही तो तेवढ्याच जोरात वाजत जातो.

गडचिरोलीच्या कुरखेडा-कोरची भागातल्या एका महिला बचत गटाच्या जाहिराती मी लिहून देते. मोहाचे लाडू, वाळलेली मोहफुलं, चारोळी, कधी बांबूच्या टोपल्या. मध्यंतरी त्यांच्याकडे एक जण येऊन गेला. महिन्याला थोडे पैसे भरा, जाहिरात एकदाच टाका, रोज सकाळी ती आपोआप सगळ्या साइटवर आणि ग्रुपवर पडेल, असं त्याचं म्हणणं. बायांनी मला विचारलं, घ्यायचं का जी?

हो म्हणावं असंच ते होतं. दिवसभर शेत, जंगल, चूल उरकल्यावर रात्री गटातली एक मुलगी फोन घेऊन बसते. फोटो चढता चढत नाही, रेंज जाते, पुन्हा येते, तोवर निम्मं लिहिलेलं उडालेलं असतं. मग दुसरी साइट, तिसरा ग्रुप, पुन्हा तेच नाव, तोच भाव, तोच नंबर. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जंगल असला की टॉवर विरळच असणार. या मुलीची झोप वाचवणारं काहीही मला वाईट वाटू शकत नाही.

तरी मी अडले, ते मोहाच्या झाडापाशी.

मार्चअखेरीस पहाटे मोह टपकायला लागतो. झाडाखालची जागा झाडून ठेवलेली असते. पिवळसर पांढरी, रसाने भरलेली फुलं पहाटेपासून वेचायची, अंगणात पसरायची, आणि ती लालसर तपकिरी होईपर्यंत राखण करायची. घेणारा येतो तो आधी मूठभर फुलं उचलून दाबतो. मूठ उघडल्यावर ती सुटी झाली तर माल वाळला, चिकटून राहिली तर भाव पडला. मधेच अवकाळीची एक सर आली तर फुलं काळी पडतात आणि काल लिहिलेली जाहिरात आज खोटी होते. हे त्या सॉफ्टवेअरला कोण सांगणार? ते उद्याही सकाळी ‘उत्तम वाळलेली मोहफुले, भरपूर साठा’ असंच लिहील.

असं झालेलं मी जवळून पाहिलं आहे. शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाने असली सोय घेतली होती. माल विकून संपला आणि जाहिरात चालूच राहिली. तिथली एक बाई मला म्हणाली, “फोन आला त काय सांगू जी? माल त सरला, पन जायरात रोजच येते.” एक घेणारा विचारपूस न करता टेम्पो घेऊनच आला आणि रिकामा परत गेला. तो पुन्हा आला नाही. आठवडी बाजारात माल समोर पसरलेला असतो, संपला तर रिकामं पोतं दिसतं. फोनवरच्या गिऱ्हाइकाजवळ मात्र आपला शब्द तेवढाच असतो.

ताडोब्याच्या वेशीवर हे आणखी लवकर कळतं. मोहर्लीच्या आसपास घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबं आहेत. ताडोब्याचा गाभा मंगळवारी बंद असतो, आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर पूर्ण बंद. ‘उद्या या, वाघ बघा’ ही ओळ सोमवारी आपोआप गेली, तर येणाऱ्याची सुट्टी बुडाली आणि घरमालकाच्या नावावर एक तक्रार चढली.

नियमांचंही आहे. ओएलएक्ससारख्या ठिकाणी एकच जाहिरात पुन्हा पुन्हा टाकलेली चालत नाही. व्हॉट्सॲपने 7 डिसेंबर 2019 पासून घाऊक आणि स्वयंचलित निरोप पाठवणाऱ्यांवर कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. मोठ्या व्यापाऱ्याचा एक नंबर बंद पडला तर त्याच्याजवळ दुसरे दहा असतात. या गटाजवळ एकच नंबर आहे, आणि तो लाडवाच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला आहे. तो गेला म्हणजे दुकानच गेलं. शिवाय रोज शंभर वेळा जाहिरात टाकण्याची चढाओढ लागली, तर ती चांगलं सॉफ्टवेअर विकत घेणारा जिंकेल. पहाटे फुलं वेचणाऱ्या बाईचा त्यात नंबर लागणार नाही.

या मुलखाला जाहिरात नवी नाही. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखाच्या ग्रामसभेकडे बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक सोपवलं, तेव्हापासून गावाने विकलेल्या बांबूच्या गाडीबरोबर गावानेच दिलेला परवाना जाऊ लागला. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूपानासाठी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निविदा मागवू लागल्या. त्या सूचनेत युनिट असतं, अंदाजे गोणी असतात, आणि निविदा पोचण्याची शेवटची तारीख व वेळ असते. ती वेळ टळली की जाहिरात संपते. तिच्या मागे गावाची बैठक असते, तासन्‌तास चाललेली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि या गावाने तर तेंदूपानं तोडायचीच नाहीत असं ठरवलं. पैसा दिसत होता, पण पानांसाठी झाडं छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात, आणि तेंदूची फळं ना माणसाला मिळतात ना पाखरांना. गाव बांबू विकतं, तेंदू विकत नाही. ‘यंदा विकायचं नाही’ हेही विकणाऱ्याच्याच हातात असलं पाहिजे, असं मला पाचगावकडे पाहून वाटत आलं आहे.

म्हणून मी बायांना म्हटलं, आपल्याला यंत्र हवं आहे ते जाहिरात उतरवायला. चढवणं आपण करू, कारण चढवताना घरात किती किलो आहे ते पाहावं लागतं, आणि ते पाहणं हाच आपला धंदा. पण माल सरल्यावर प्रत्येक ठिकाणी जाऊन ती काढायचं कुणालाही सुचत नाही, तेवढं बळही उरत नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला मी विचारलं, एक बटण दाबलं की सगळीकडची जाहिरात निघेल असं काही आहे का? नव्हतं. चढवायच्या पंचवीस तऱ्हा होत्या. ही सोय कुणीतरी करावी, अगदी मनापासून वाटतं. गडचिरोलीच नव्हे, कोकणातला आंबेवाला आणि नाशिकचा द्राक्षवालाही ती घेईल.

गटाने ते सॉफ्टवेअर घेतलं नाही. मोहफुलं आणि चारोळीच्या जाहिरातीत आता पहिल्याच ओळीत तारीख असते, आणि किती दिवसांनंतर फोन करू नये तेही. रोज टाकण्याऐवजी दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, उरलेला माल मोजून, एकदाच टाकायची असं ठरलं. मुलीची रात्र बरीचशी सुटली.

लाडवाचं वेगळं. साठवलेल्या फुलांचे लाडू वर्षभर वळता येतात, भाव क्वचित बदलतो. ती जाहिरात गटाने स्वतःच्याच ग्रुपवर आठवड्यातून एकदा आपोआप जाऊ द्यायला माझी काही हरकत नव्हती, आणि ती तशी जाते. वेळेवरून मात्र बरीच चर्चा झाली. सकाळी सात सुचवली होती. पण मोहाच्या दिवसांत सातला सगळ्या बाया झाडाखाली असतात, फोन कोण उचलणार? दुपारी चार ठरली.