डर्बी : एका वयाची परीक्षा

वरणगावात घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत. तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि चाल, रंग व अंगावरील भोवरे पाहून घोडा पारखणारी माणसे खानदेशात आजही आहेत, हे खरे. तथापि शर्यतीचा घोडा आमच्यासारख्यांच्या घरांत कधी शिरला नाही. शिरली ती त्याची अपकीर्ती. ‘रेसच्या नादाने अमक्याचे घर बसले’ एवढ्या वाक्यात तो विषय संपत असे. असे असता मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर साधारणतः फेब्रुवारीच्या आरंभी होणाऱ्या ‘इंडियन डर्बी’ची हकीकत आम्ही दरवर्षी आस्थेने का वाचतो, असे स्नेही विचारतात. एक पैसाही न लावता वाचतो हे ऐकून तर त्यांना ते अधिकच चमत्कारिक वाटते. तेव्हा कारण सांगणे प्राप्त आहे.

वर्षभरातील बहुतेक शर्यती ‘हँडिकॅप’ पद्धतीच्या असतात. घोड्याच्या पूर्वीच्या कामगिरीवरून त्याला गुण देतात आणि त्या मानाने त्याच्या पाठीवरील भार ठरवितात. जो उत्तम त्याला अधिक वजन, जो कमी प्रतीचा त्याला सवलत. जॉकी हलका पडला तर शिशाचे तुकडे घालून वजन पुरे करतात, आणि धावण्यापूर्वी व नंतर त्याला खोगिरासह तोलून पाहतात. हेतू असा, की सर्व घोडे शक्य तो एकाच वेळी अखेरच्या खांबाशी यावेत. याने चुरस वाढते. परंतु सर्वांत श्रेष्ठ कोण, याचा निकाल लागत नाही.

डर्बी तो निकाल लावते. येथे धावणारे सारे घोडे चार वर्षांचे व भारतात जन्मलेले. अंतर २४०० मीटर. भार सर्वांस सारखा, घोडीला तेवढी थोडी सूट. अवघ्या अडीच मिनिटांच्या सुमारास सर्व आटोपते. तत्पूर्वी डिसेंबरात होणारी १६०० मीटरांची ‘गिनीज’ वेग पाहते. पुढे पुण्यास होणारी २८०० मीटरांची ‘सेंट लेजर’ दम पाहते. डर्बीला वेग आणि दम दोन्ही एका ठिकाणी हवे असतात. तिन्ही जिंकणाऱ्यास तिहेरी मुकुटाचा मान मिळतो. कल्पना मूळची इंग्लंडातली. तेथे एप्सम येथे पहिली डर्बी १७८० साली झाली. आपल्याकडील पहिली इंडियन डर्बी १९४३ सालची, आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली.

या शर्यतीची खरी कठोरता मात्र वयाच्या नियमात आहे. थरोब्रेड घोडा जानेवारीत जन्मो वा एप्रिलात, त्याचे वय १ जानेवारीपासूनच मोजतात. घोडी अकरा महिने गाभण राहते. म्हणून शिंगरू वर्षाच्या आरंभी जन्मावे अशी पैदास करणाऱ्यांची धडपड असते. तरी काही शिंगरे उशिरा येतात, आणि तीन महिन्यांनी धाकटे असूनही त्याच रांगेत उभी राहतात. शिवाय संधी एकदाच. त्या आठवड्यात घोड्याला खोकला झाला किंवा पाय दुखावला, तर पुढल्या वर्षी तो पाच वर्षांचा झालेला असतो व डर्बीचे दार त्याला कायमचे बंद होते.

आता पैजेविषयी. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अश्वशर्यत हा कौशल्याचा खेळ ठरविला. न्यायालयाच्या निर्णयाविषयी आम्हांस आदर आहे. पण संसारी माणसाने त्याजवर विसंबून खिसा रिकामा करू नये. टोटच्या खिडकीवर जमलेल्या रकमेतून क्लबाचा व सरकारचा वाटा आधी निघतो, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत विभागली जाते. म्हणजे पैज लावणाऱ्या सर्वांच्या हाती मिळून, घातले त्याहून कमीच परत येते. एखादा मनुष्य जिंकेल. समुदाय कधीच जिंकणार नाही. घरे बसली ती या साध्या वजाबाकीने, घोड्याचा त्यात काय अपराध?

आम्हांस त्या घोड्यांकडे पाहून आपल्या मुलांची आठवण होते. जूनमध्ये जन्मलेले आणि डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच बाकावर बसते; एकच प्रश्नपत्रिका, तीच तीन तासांची मुदत. परीक्षेच्या दिवशी ताप भरला तर तो गुणपत्रिकेत दिसत नाही. समान भार हा एक न्याय आहे, आणि ज्याच्या-त्याच्या शक्तीप्रमाणे भार हाही एक न्याय आहे. शर्यतवाल्यांनी या दोहोंची जागा ओळखली: वर्षातून मोजके दिवस पहिल्यास दिले, बाकीचे दुसऱ्यास. आम्ही सुशिक्षित आईबाप मात्र घरात बारा महिने डर्बीच भरवितो. शेजारच्या मुलाचे गुण विचारून आपल्या मुलास तोलतो, आणि त्याच्या पाठीवर मुळात किती ओझे आहे हे पाहत नाही.

डर्बीत मागे पडलेल्या घोड्यांना कोणी निकामी म्हणत नाही. त्यांतले कित्येक पुढे आपापल्या प्रतीच्या शर्यतींत, आपापल्या वजनानिशी धावतात आणि जिंकतातही. ती नावे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात येतात. विजेत्याची हकीकत वाचून झाली की आम्ही पुढले काही आठवडे तीच नावे शोधीत असतो.