सत्तावीस दात

गेल्या वर्षी मुलाकडे इंग्लंडात, लेस्टरला गेलो. मुलगा आणि सून दिवसभर कामावर. नऊ वर्षांच्या नातवाशी बोलावे काय, हा मोठाच प्रश्न होता. त्याचे मराठी मोडके, माझे इंग्रजी त्याहून मोडके. ‘जेवलास का?’ आणि ‘झोप आता’ एवढ्यावर आमचे संभाषण आटोपे.

एके दिवशी स्वारी रडकुंडीला येऊन बसलेली दिसली. समोर स्केलेक्स्ट्रिक मांडलेले. हा मोटारशर्यतीचा खेळ फ्रेड फ्रान्सिस नावाच्या गृहस्थाने १९५७ साली तिकडे बाजारात आणला. रस्त्याच्या खाचेत मोटारीची खुंटी बसते, खाचेलगतच्या पट्ट्यांतून वीज मिळते, आणि हातातला घोडा दाबावा तशी मोटार धावते.

वेग वाढावा म्हणून बाळराजांनी मागच्या आसाचे २७ दातांचे चाक काढून २४ दातांचे बसवले होते. विजेच्या यंत्राचे चाक ९ दातांचे. पूर्वी यंत्राच्या तीन फेऱ्यांत आसाचा एक फेरा होई. आता पावणेतीनही लागेनात. सरळ रस्त्यावर मोटार खरेच सुसाट पळे. पण वळण आले की थेट सोफ्याखाली!

मला हसू आले. एस. टी.च्या कार्यशाळेत गिअरबॉक्स उघडण्यात माझा जन्म गेला. आमचे जुने ड्रायव्हर म्हणत, ज्या गिअरने घाट चढायचा, त्याच गिअरने उतरायचा. इंजिनच गाडी धरून ठेवते. इथेही तोच न्याय. घोडा सोडला की विजेचे यंत्र उलट चाकांनाच आवरू लागते. आसावरचे दात जास्त, तेवढी पकड घट्ट. आणि वळणातून सुटताना उसळीही जोरदार.

पण सांगू कसे? उशा रचून मी बोरघाट केला आणि हाताने गाडी उतरवून दाखवली. पोरगा टक लावून पाहत राहिला. मग दोघांनी मिळून जुने चाक चढवले. दहा फेऱ्यांत मोटार एकदाही उडाली नाही.

“आबा, तू ड्रायव्हर होतास?”

“नाही रे, गाड्या दुरुस्त करायचो.”

“मग तू जास्त मोठा!”

निघायच्या दिवशी त्याने ते २४ दातांचे चाक माझ्या खिशात टाकले.

“तुझ्याकडे ठेव,” म्हणाला, “नाहीतर मी परत लावीन.”