कोपऱ्यातली सही

देऊळगाव राजाला आमच्या घरी दलाल म्हणजे बाजारात कापसाचा भाव पाडणारा माणूस. त्यामुळे गोष्टींच्या पुस्तकात चित्राच्या कोपऱ्यात 'दलाल' ही सही दिसली, की मी बुचकळ्यात पडे. इतका लबाड माणूस इतकी सुंदर परी कशी काढतो? ते दीनानाथ दलाल, १९१६ साली मडगावात जन्मलेले, १९४५ पासून 'दीपावली' काढणारे, हे फार उशिरा कळले. मुखपृष्ठांनी त्यांना घरोघरी नेले. जलरंगातली निसर्गचित्रे मात्र मागेच राहिली. खरे तर परीमागचे ओले आभाळ तिथूनच आले असावे, असे मला वाटते. १९७१ मध्ये, अवघ्या ५४ व्या वर्षी, ते गेले. वडिलांना हे सारे सांगायचे राहूनच गेले. त्यांच्या लेखी तो शब्द शेवटपर्यंत शिवीच होता.