सराफ्यातला गरम कीस

सासूबाईंचं माहेर ज्या गावी असतं, ते गाव आपल्या स्वयंपाकघरात कायमचं मुक्कामाला येतं, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळजणींना असेल. कुणाकडे ते नागपूर असेल, कुणाकडे रत्नागिरी. आमच्याकडे इंदूर आहे. लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी पोहे केले होते. माझ्या आईच्या पद्धतीचे, बटाटा, कांदा, दाणे घालून. सासूबाईंनी एक घास घेतला आणि त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "छान झालेत. आमच्या इंदूरला असे नाही करत."

त्यानंतर चौदा वर्षं हे वाक्य मी ऐकत आले. साबुदाण्याची खिचडी केली की इंदूर. मक्याची कणसं बाजारात आली की इंदूर. "भुट्ट्याचा कीस खावा तो आमच्या सराफ्यातला!" असं म्हणताना त्यांचे डोळे असे काही मिटत, की माझ्या हातातला झारा मला नकोसा होई. तसा त्यांचा स्वभाव कुरबुरीचा नाही, हेही सांगते. मी दुपारच्या शाळेत अर्धवेळ शिकवायला जाते, तेव्हा मुलीला सांभाळलं ते त्यांनीच. पण टोचायचं ते टोचतंच ना!

२०२४ साली सव्वीस जानेवारी नेमकी शुक्रवारी आली. शनिवार-रविवार जोडून मिळाले. आमच्या ह्यांना बँकेच्या कामातून मान वर करायला फुरसत नव्हती, तेव्हा मीच म्हटलं, "आई, आपण तिघीच जाऊया का इंदूरला?" तिघी म्हणजे सासूबाई, मी आणि सहावीतली मुलगी. खरं सांगू? माझ्या मनात थोडा खोडसाळपणाही होता. एकदा तो कीस बघायचाच होता.

शाळेतलं झेंडावंदन आटोपून अकराची बस पकडली. शिरपूर, बिजासनचा घाट, सेंधवा. खलघाटाला नर्मदा आली तशी सासूबाईंनी बटव्यातून नाणं काढलं, पण बसची काच उघडेना. ते नाणं त्यांनी तसंच मुठीत धरलं ते इंदूर येईपर्यंत.

उतरलो त्यांच्या भाच्याकडे. रामबागेतलं जुनं माहेरघर आता नाही, तिथे इमारत झाली आहे. भाचा गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहतो. माणसं फार अगत्याची. रात्री जेवणं झाल्यावर मुलीने सराफ्याचा विषय काढला, तर भाचा लगेच उठला. "आत्या, थंडी केवढी आहे! गर्दीत कुठे जाता? तुम्ही बसा, मी घेऊन येतो." आणि खरोखरच तासाभरात पुड्या घेऊन आला.

मैत्रिणींनो, चौदा वर्षं ज्याची कीर्ती ऐकली तो कीस मी त्या रात्री पहिल्यांदा खाल्ला. कागदाच्या वाटीत तो गार होऊन घट्ट बसला होता. वर तुपाचा पांढरा थर. चव वाईट नव्हती, पण जिच्यासाठी डोळे मिटावेत अशी मुळीच नव्हती. सासूबाई मात्र चमच्याने वाटीचा तळ खरवडत होत्या. "अगदी तीच चव बघ! इतक्या वर्षांत फरक नाही." मी "हो ना" म्हटलं आणि मनात म्हटलं, यासाठी मी चौदा वर्षं बोलणी खाल्ली?

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझी थोडी जिरली. कोपऱ्यावर एक ठेला होता, तिथे पोहे खाल्ले. इथे पोहे फोडणीला घालून आच बंद करत नाहीत. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवतात आणि पोह्यांची परात त्याच्या तोंडावर. खालच्या वाफेने पोहे तासन् तास मऊ आणि गरम राहतात. फोडणीत बडीशेप, किंचित साखर, तेल बेताचं. कांदा फोडणीत नाही, तो वरून कच्चा. त्यावर शेव, डाळिंबाचे दाणे, लिंबू आणि जिरावण. जिरावण म्हणजे धने, जिरं, बडीशेप, सुकी मिरची, सुंठ, आमचूर, काळं मीठ, हिंग अशा जिनसांची कोरडी पूड. सोबत गरम जिलबी. घरी करायचं तर पातेल्यावर चाळणी ठेवून सहज जमतं. पोहे मात्र जाड घ्यायचे आणि फार भिजवायचे नाहीत.

मग राजवाडा पाहिला. मल्हारराव होळकरांच्या काळचा, सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत मागचा भाग जळाला होता, तो पुढे जुन्यासारखा बांधून काढला. ती बातमी धुळ्याला वर्तमानपत्रात वाचली त्या दिवशी घास उतरला नव्हता, असं सासूबाई म्हणाल्या. संध्याकाळी छप्पन दुकानांत चक्कर मारली. चकचकीत आहे, स्वच्छ तर इतकं की मुलगी कागद टाकायला डबा शोधत होती आणि तो चार पावलांवर होताच. पण ते नवं इंदूर. सासूबाई तिथे पाहुण्यासारख्या वावरल्या.

रात्री साडेनऊला भाचा पुन्हा म्हणाला, "आज काय आणू? गराडू आणतो." मी "कशाला त्रास" म्हणणार तोच पाहिलं, सासूबाई दाराशी उभ्या. अंगावर शाल, डोक्याला रुमाल, पायांत चपला. "आज मी जाणार आहे," त्या म्हणाल्या. एवढंच. भाच्याने रिक्षा आणली. आम्ही तिघीच गेलो.

सराफा कसा असतो ते सांगते. दिवसा ही सोन्याचांदीची पेठ. राजवाड्याच्या मागच्याच बाजूला, अरुंद गल्ली, दोन्हीकडे पेढ्या. रात्री पेढ्यांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांवर आणि ओट्यांपुढे कढया, परातीं, शेगड्या मांडल्या जातात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत जत्रा भरते. वर्षातून एकदा नव्हे, रोज! माणसांच्या वर्दळीने दुकानांची राखणही होते, असं तिथे सांगतात. थाळीएवढी एकेक जिलबी, तिला जलेबा म्हणायचं. मालपुवे, खोबऱ्याचं सारण भरलेले पॅटिस, वाफेवरची साबुदाण्याची खिचडी. एक दहीवडेवाला द्रोण हवेत उडवून झेलतो, मग पाच मसाले एकाच चिमटीत धरून एकेक वेगळा सोडतो. मुलगी टाळ्या पिटत होती. गराडू हा कोनफळाच्या जातीचा कंद, फक्त थंडीत मिळतो. फोडी तळून ठेवलेल्या, गिऱ्हाईक आलं की पुन्हा तळतात, वर लिंबू आणि जिरावण. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखा. या बायका तीन, आणि आमच्या पहिल्या द्रोणाला दोन मिनिटंही लागली नाहीत!

गर्दीत चालता चालता मुलीने विचारलं, "आजी, तुम्ही लहानपणी कुठे बसायचा खायला? ती जागा दाखव ना."

सासूबाई थांबल्या. "मी? मी कधी आले गं इथे?"

मला वाटलं, गोंगाटात मी चुकीचं ऐकलं.

"दादा आणि आमचे वडील यायचे. रात्री जेवून फिरायला म्हणून जायचे, येताना द्रोण बांधून आणायचे. बारा वाजायचे. आई आम्हा बहिणींना झोपेतून उठवायची. डोळे मिटलेले असायचे, तसंच खायचो." जरा थांबून म्हणाल्या, "मुलींनी रात्री सराफ्यात यायचं नसे. वडील म्हणायचे, घरी आणतोय ना, मग?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. माझ्याच पोटात काहीतरी ढवळलं. तो डोळे मिटण्याचा प्रकार, ज्याचा मला इतकी वर्षं राग येत होता, तो काय होता ते आत्ता कळत होतं.

किसाच्या कढईपुढे आम्ही उभ्या राहिलो. कणसं किसून, तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरव्या मिरचीची फोडणी करून कीस परततात आणि दूध घालून शिजू देतात. कढईतून वाफ उठत होती. वरून कोथिंबीर, लिंबू, जिरावण. सासूबाईंना एका पेढीच्या पायरीवर बसवलं आणि द्रोण हातात दिला. त्यांनी फुंकर मारली. घास घेतला. या वेळी डोळे मिटले नाहीत, उलट मोठे झाले.

"हे काहीतरी वेगळंच लागतंय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? चांगलं नाही?"

"ही ती चव नाही." पुन्हा एक घास. पुन्हा फुंकर. "अगं, हा तर मऊ असतो! आणि तुपाचा वास येतो याला." मग त्या हसायलाच लागल्या. "आमच्याकडे यायचा तो गारढोण गोळा. मी त्यालाच कीस म्हणत बसले जन्मभर!"

मी काय बोलणार? चौदा वर्षं माझ्या कढईची तुलना एका गार गोळ्याशी होत होती, हे ऐकून खरं तर मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. मला आठवली आमच्या कोपऱ्यावरची भज्यांची गाडी. पावसाळ्यात हे तिथून भजी बांधून आणतात, कागद तेलाने ओला झालेला, भजी मऊ पडलेली. मी चहा टाकते, सगळ्यांना देते आणि शेवटची दोन-चार उभ्याउभ्या खाते. चौदा वर्षांत त्या गाडीपुढे मी एकदाही उभी राहिलेली नाही. मला कुणी अडवलेलं नाही. कुणी 'चल' म्हटलेलंही नाही, आणि मीही म्हटलेलं नाही.

"आणखी एक घेऊया?" सासूबाई विचारत होत्या. मधुमेहाची गोळी चालू, वय चौऱ्याहत्तर. मी आणला. पैसे मात्र त्यांनी द्यायचा हट्ट धरला. बटव्यातून नोटांबरोबर ते नर्मदेचं नाणंही बाहेर आलं, ते तेवढं परत आत ठेवलं. दुसऱ्या द्रोणाला त्या बोलत नव्हत्या, नुसत्या खात होत्या आणि समोरून जाणाऱ्या मुलींचे घोळके बघत होत्या. कॉलेजच्या मुली, हातात हात घालून, मोठ्याने हसत. रात्रीचे साडेअकरा झाले होते.

रविवारी परत निघालो. भाच्याला बरोबर द्यायला केवढं द्यायचं होतं! शेव, जिरावणाची बाटली, मावाबाटीचा डबा. खलघाटाला या खेपेला ड्रायव्हरमागची उघडी खिडकी आम्ही आधीच धरून ठेवली होती, त्यामुळे नाणं नर्मदेत पडलं.

घरी पोचलो तो रात्र झालेली. ह्यांनी पिशव्या उघडून पाहिल्या. "हे काय आई? एवढी लांब गेलीस आणि कीस नाही आणलास माझ्यासाठी? दरवेळी सांगायचीस ना!"

सासूबाई पाय चेपत बसल्या होत्या. "तो आणायचा नसतो रे," त्या म्हणाल्या. "तिथे जाऊन खायचा असतो."